प्रतिनिधीचा अधिकार आणि सभासदाचे स्थान : गिरणगाव ते एस.टी. आगार, एक चिकित्सा

मराठीतील कामगारविषयक लेखनाने बहुधा दोनच पक्ष गृहीत धरलेले दिसतात. एका बाजूस मालक, दुसऱ्या बाजूस कामगार. सरकार कधी या बाजूस, कधी त्या बाजूस. या मांडणीत कामगार संघटना ही कामगाराचेच सामूहिक रूप मानली जाते आणि तिला वेगळे पक्षत्व दिले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय नेमका या गृहीतकाच्या आत दडलेला आहे. कामगार आणि त्याच्याच नावाने बोलणारी संघटना यांच्यात वाद उत्पन्न झाला तर कायदा त्या वादाकडे कसा पाहतो, न्यायालयांनी त्याला कोणते उत्तर दिले आणि आपल्या साहित्याने त्याची दखल कितपत घेतली, याचा येथे चिकित्सक विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न सिंधुदुर्गातील महाविद्यालयीन अभ्यासकाने का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. मुंबईच्या कापड गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या प्रदेशांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे स्थान अग्रभागी होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा स्वतंत्र झाला आणि त्यानंतर अवघ्या साडेआठ महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. मालवण, देवगड, वेंगुर्ले, कणकवली या तालुक्यांतील असंख्य घरे मनिऑर्डरीवर चालत होती. संप लांबला तसा चाकरमानी गावी परतला. गावात त्याला भातशेती होती, मासे होते, आंब्या-काजूचे चार पैसे होते. पण गिरणीतील आपल्या नोकरीचे काय होणार हे ज्या दालनांत ठरत होते तेथे त्याला प्रवेश नव्हता. तो नुसता दूर होता म्हणून नव्हे. तो मुंबईत असता तरी कायद्याने त्याला प्रवेश नव्हता. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

मालवणशी निगडित असलेल्या भा. वि. ऊर्फ मामा वरेरकरांनी 'सोन्याचा कळस' (१९३२) या नाटकातून आणि 'धावता धोटा' या कादंबरीतून गिरणीचे जग मराठी वाचकासमोर फार लवकर आणले. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, ते उचितच होय. तथापि वरेरकरांच्या काळी प्रातिनिधिक संघ ही कायदेशीर वस्तू अद्याप जन्माला यावयाची होती. १९२८ च्या सार्वत्रिक संपात गिरणी कामगार युनियनचा, म्हणजे लाल बावट्याचा, उदय झाला तेव्हा संघटनेचे बळ हे गिरणीच्या दारावर आणि चाळीच्या चौकात मोजले जात होते. निबंधकाच्या दप्तरात नव्हे. दप्तराने मोजण्याची पद्धत पुढे आली, आणि तेथूनच आपल्या विषयाचा आरंभ होतो.

कायद्याची घडण

१९३८ साली मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक मांडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्यास कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप घडवून आणला. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. माणसाने आपली सेवा कोणत्या अटींवर द्यावयाची हे ठरविण्याचा अधिकार त्याच्यापाशीच असला पाहिजे. हा अधिकार व्यक्तीचा आहे, ही बाब येथे ध्यानी घ्यावी. पुढील कायद्याने तो व्यक्तीकडून काढून संघाकडे सोपविला.

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम हा त्या १९३८ च्या कायद्याचा उत्तराधिकारी. त्या वेळी मुंबई प्रांताचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा होते. ते अहमदाबादच्या मजूर महाजन संघाच्या कार्यातून आलेले. अहमदाबादचा अनुभव असा होता की एकच बलवान, लवादावर श्रद्धा असलेला संघ असेल तर गिरणीमालकाशी समान पातळीवर बोलता येते आणि संपाची वेळ क्वचितच येते. हा अनुभव खोटा नव्हता. पण अहमदाबादेत जे संघटनेने कमावले होते ते मुंबईत कायद्याने बहाल केले गेले. एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगात ठरावीक टक्केवारीइतकी (पुढे ती पंचवीस टक्के झाली) सभासदसंख्या असलेल्या एका संघाला 'प्रातिनिधिक संघ' म्हणून नोंदवावयाचे. कामाच्या अटींत बदल मागण्याची नोटीस कामगारांच्या वतीने अशा प्रतिनिधीनेच द्यावयाची. आणि कलम २७-अ अन्वये, काही मोजके अपवाद वगळता, या कायद्याखालील कोणत्याही कामकाजात प्रतिनिधीखेरीज कामगाराने स्वतः हजर व्हावयाचे नाही. पंचवीस टक्क्यांचा अर्थ उघड आहे. उरलेले पंचाहत्तर टक्के सभासद नसले तरी त्यांच्या वतीनेही हाच संघ बोलणार. मुंबईच्या कापडधंद्यात हे स्थान काँग्रेसप्रणीत इंटकशी संलग्न असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघास मिळाले आणि त्याच्याकडेच राहिले. १९५० चा बोनससाठीचा संप समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने लढविला, १९७४ चा डांगे यांच्या युनियनने, १९८२ चा डॉ. दत्ता सामंत यांनी. लढे एकाकडे आणि सही दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी तीन दशके चालली.

येथे कोकणच्या वाचकाला परिचित असा एक दाखला देतो. मुंबईस असलेला चाकरमानी गावच्या जमिनीच्या व्यवहारासाठी भावाला कुळमुखत्यारपत्र करून देतो. भावाने गैरव्यवहार केला असे वाटले तर तो ते रद्द करू शकतो. सामाईक सातबाऱ्यावर नाव असेल तर वाटप मागू शकतो. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने कायदेशीर गरज नसताना जमीन विकली तर सहदायाद त्या विक्रीस आव्हान देऊ शकतो. म्हणजे कर्त्याचा अधिकार मोठा असला तरी त्याच्या हेतूची आणि गरजेची चौकशी न्यायालय करते. गिरणीतल्या त्याच चाकरमान्याने मात्र प्रातिनिधिक संघाला मुखत्यारपत्र दिलेले नसते, ते रद्द करण्याची सोय त्याच्या हाती नसते, आणि प्रतिनिधीचा हेतू तपासावा अशी मागणीही त्याला करता येत नाही. चार गुंठ्यांच्या बाबतीत कायदा त्याला जे देतो, ते वीस वर्षांच्या नोकरीच्या बाबतीत देत नाही.

हेतू अप्रस्तुत ठरतो तेव्हा

वरील शेवटचे विधान अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे, म्हणून त्याचा आधार पाहिला पाहिजे. 'गिरिजाशंकर काशीराम विरुद्ध गुजरात स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली दिलेला निर्णय या विषयातील मूलस्तंभ आहे. प्रकरण अहमदाबादचे, कामगारांनी मागितलेल्या भरपाईचे. कायदा तोच, १९४६ चा. कामगार स्वतः न्यायासनापुढे उभे राहू इच्छित होते. प्रातिनिधिक संघही हजर झाला होता आणि त्याची भूमिका कामगारांच्या विरोधी जाणारी होती. न्यायालयाने असे ठरविले की, प्रातिनिधिक संघ हजर झाला असेल तर कामगारास हजर राहता येणार नाही. संघाची कृती सद्हेतूने आहे की दुष्ट हेतूने, याचा कलम २७-अ मधील मनाईशी काहीही संबंध नाही. 'संतुराम खुदाई विरुद्ध किमतराय प्रिंटर्स' या पुढील प्रकरणात, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, हीच भूमिका कायम राहिली.

निर्णयाच्या भाषेकडे समीक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट जाणवते. न्यायालय कायद्याचा अर्थ लावीत आहे आणि तो अर्थ कलमांच्या शब्दांशी सुसंगतच आहे. न्यायमूर्तींनी काही मुद्दाम वाईट केले असे म्हणता येणार नाही. पण 'प्रतिनिधी' हा शब्द त्या निकालात आपला नित्याचा अर्थ सोडून देतो. ज्याचे प्रतिनिधित्व करावयाचे त्याच्याशी काही बांधिलकी असणे, हा प्रतिनिधी या शब्दाचा अर्धा अर्थ आहे. तो अर्धा भाग गळून पडतो आणि 'त्याच्याऐवजी बोलण्याचा अधिकार' एवढाच भाग उरतो. मराठीत यासाठी 'वहिवाटदार' हा शब्द अधिक शोभला असता.

'हर्बर्टसन्स' प्रकरणातील १९७६ चा निर्णय याच दिशेचा आहे. तो औद्योगिक विवाद कायद्याखालचा असला तरी विचार एकच. मान्यताप्राप्त संघाने मालकाशी केलेला करार ही एक संपूर्ण वस्तू आहे, त्यातील एखादी बाब सुटी काढून न्याय्य की अन्याय्य असे पाहावयाचे नाही, आणि वाटाघाटीत एकेका कामगाराच्या संमतीचा प्रश्न उपस्थित होत नाही, असे तेथे म्हटले गेले. व्यवहाराच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. हजार कामगारांच्या कराराला प्रत्येकाने हरकत घ्यावयाची म्हटले तर करारच होणार नाहीत. मालक दोन-चार असंतुष्टांना हाताशी धरून संघटना खिळखिळी करतात, हाही या देशातील जुना अनुभव. म्हणून एकाच संघाला वाटाघाटीचा अनन्य अधिकार देण्यास माझा तत्त्वतः आक्षेप नाही. आक्षेप आहे तो अधिकार देताना कर्तव्य लिहावयाचे राहून गेले, यास.

ते लिहिता आले असते काय? अमेरिकेतील उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे, कारण तेथेही एकाच संघाला अनन्य अधिकार आहे. १९४४ साली 'स्टील विरुद्ध लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वे' या खटल्यात एक कृष्णवर्णीय फायरमन न्यायालयात गेला. त्याच्या वर्गातील कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्या ब्रदरहुडला होता, ती संघटना कृष्णवर्णीयांना सभासद करून घेत नव्हती आणि त्यांना कामावरून हटविणारा करार तिने रेल्वे कंपन्यांशी केला होता. त्या कायद्यातही संघाच्या कर्तव्याविषयी स्पष्ट शब्द नव्हते. तरी न्यायालयाने असे म्हटले की, ज्याला कायद्याने सर्वांच्या वतीने बोलण्याची सत्ता दिली त्याच्यावर सर्वांच्या हिताची निष्पक्ष काळजी घेण्याचे कर्तव्य त्या सत्तेतूनच येते. १९६७ च्या 'व्हाका विरुद्ध साइप्स' या निर्णयाने त्याची कसोटी सांगितली: संघाचे वर्तन मनमानी, भेदभावपूर्ण किंवा दुर्हेतूने असेल तर कर्तव्यभंग. ही कसोटी उदार नाही; कामगार तेथेही बहुतेक वेळा हरतो. पण १९६२ साली आपल्याकडे जो दुर्हेतू अप्रस्तुत ठरला, तोच पाच वर्षांनंतर तेथे निर्णायक ठरला, हा फरक लहान नव्हे. आपल्या कायद्यातील शब्दांनी न्यायालयाचे हात बांधले होते असे कोणी म्हणेल. कलम २७-अ ची मनाई खरोखर स्पष्ट आहे. परंतु हजर राहण्याची मनाई ही एक गोष्ट आणि प्रतिनिधीवर कर्तव्य नाही ही दुसरी. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही.

इंग्लंडातील वळण निराळे. तेथे वाद प्रामुख्याने हकालपट्टीचे. संगीतकारांच्या संघाने वर्गणी थकल्याच्या कारणाने नियमबाह्य रीतीने काढून टाकलेल्या बॉन्सर नावाच्या वादकाला सभासदत्वाशिवाय वाद्यवृंदात काम मिळेना; १९५५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने संघ नुकसानभरपाईस पात्र ठरविला. तेथे सभासद संघाबाहेर फेकला गेला म्हणून बुडाला. आपल्याकडचा गिरणी कामगार संघाच्या आत असो वा बाहेर, त्याच्या सहीने बांधला गेला. म्हणून इंग्लंडचे खटले वाचून आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, जरी आपली पाठ्यपुस्तके ते मोठ्या श्रद्धेने उद्धृत करीत असली तरी.

१९८२ : वाट कोठून होती?

डॉ. सामंतांचा संप हा केवळ वेतनवाढीचा संप नव्हता. बोनसच्या तडजोडीवरून १९८१ च्या ऑक्टोबरात असंतोष उफाळला आणि कामगार सामंतांच्या घाटकोपरच्या घरी जाऊन त्यांना नेतृत्व करण्याची गळ घालू लागले. तेव्हा ते खरे म्हणजे आपल्याच प्रातिनिधिक संघाविरुद्ध दाद मागत होते. १९४६ चा कायदा रद्द करा आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता काढा, या मागण्या वेतनाच्या मागणीइतक्याच ठळक होत्या. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला.

कायद्याचे समर्थक विचारतात, कामगारांना संघ बदलण्याची सोय होतीच की. होती. अधिक सभासदसंख्या असलेल्या दुसऱ्या संघाने निबंधकाकडे अर्ज करावा, पडताळणी व्हावी आणि जुन्याच्या जागी नव्याची नोंद व्हावी, अशी तरतूद कायद्यात आहे. पण ही पडताळणी वर्गणीच्या पावत्या आणि सभासद नोंदवह्या यांवरून होते, गुप्त मतदानाने नव्हे. आणि ती मागील काही महिन्यांच्या सलग सभासदत्वाची असते. संपावर असलेल्या, पगार थांबलेल्या, निम्माअधिक गावी पांगलेल्या माणसाने दरमहा वर्गणी भरून ती पावती जपून ठेवावी अशी अपेक्षा कायदा करतो. देवगडच्या किंवा आचऱ्याच्या घरी बसलेल्या सांचेवाल्याचे मत मोजण्याचे या यंत्रणेत कोणतेच साधन नव्हते. बदली कामगाराची स्थिती तर याहून बिकट, कारण ज्याच्या रोजच्या कामाचीच शाश्वती नाही त्याच्या सभासदत्वाची सलगता कोण पाहणार? गुप्त मतदानाची मागणी मुंबईत पुनःपुन्हा झाली आणि पुनःपुन्हा बाजूला ठेवली गेली. याचे कारण राजकीय होते हे सांगण्यासाठी फार संशोधनाची गरज नाही. मान्यताप्राप्त संघ आणि सत्ताधारी पक्ष यांचे नाते उघडच होते.

संपानंतर याचे परिणाम अधिक खोल गेले. गिरण्या बंद पडू लागल्या, जमिनी मोकळ्या झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८, त्यातील २००१ चा बदल आणि त्यावर ७ मार्च २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यात सहसा दुर्लक्षिला जाणारा धागा असा की, बंद गिरणीच्या कामगारांच्या देण्यांचे, स्वेच्छानिवृत्तीचे करार करतानाही टेबलाच्या पलीकडे बसण्याचा कायदेशीर अधिकार त्या एकाच संघाला होता. १९८९ साली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगारांची संघर्ष समिती स्थापन केली. घराचा प्रश्न पुढे रेटण्यात या समितीचा वाटा मोठा आहे. तिने संघ म्हणून मान्यतेच्या वाटेने न जाता समिती म्हणून रस्त्यावरून काम केले, ही बाब मला अर्थपूर्ण वाटते. आतली वाट बंद असली की लोक बाहेरून भिंत ठोठावतात.

सभासदाला जे मिळाले

महाराष्ट्राने सभासदाला काहीच दिले नाही असे मात्र नव्हे. १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमात सभासदास हिशेबाची पुस्तके पाहण्याचा हक्क होता. तंटा सोडविण्याची यंत्रणा नव्हती. पदाधिकारी कोण, हा साधा प्रश्नही दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे लोंबकळे. १९६८ च्या दुरुस्तीने राज्याने त्यात कलम २८-१अ घातले. एखादी व्यक्ती पदाधिकारी वा सभासद आहे की नाही, तिची हकालपट्टी गैर आहे काय, अथवा संघाच्या मालमत्तेचा व हिशेबवह्यांचा तंटा, असे वाद किमान सहा महिने सभासद असलेल्या कोणाही व्यक्तीस औद्योगिक न्यायालयापुढे नेता येऊ लागले. अट एक: निबंधकाची संमती. इतर अनेक राज्यांच्या तुलनेत ही तरतूद पुढारलेली होती. पण तिची भाषा नीट वाचावी. संघ कोणाचा, किल्ली कोणाकडे, पेटी कोणाकडे, हे वाद तिच्यात येतात. संघाने माझ्या वतीने काय केले, हा वाद येत नाही. घराचा मालक कोण याचा निवाडा होतो, घरात राहणाऱ्याशी कसे वागले याचा होत नाही.

१९७१ च्या कायद्याने, ज्याचे पूर्ण नाव महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित श्रमप्रथा प्रतिबंध अधिनियम, याच प्रकाराचे उदाहरण पुढे चालविले. मान्यतेसाठी तीस टक्के सभासदसंख्या, कार्यकारिणीची तीन महिन्यांतून किमान एक सभा, ठरावांची नोंद, शासननियुक्त लेखापरीक्षकाकडून वार्षिक तपासणी. कारभार स्वच्छ असावा ही तळमळ त्यात दिसते. बडतर्फी, सेवासमाप्ती, निलंबन यांसारख्या बाबतींत कामगाराला स्वतः उभे राहण्याची मोकळीकही त्याने राखली आणि ही फार मोलाची गोष्ट आहे. तथापि या कायद्याची तिसरी अनुसूची, म्हणजे संघटनांच्या अनुचित प्रथांची यादी, पाहावी. बेकायदा संपास चिथावणी, मंदगती काम, घेराव, मालकाच्या घरापुढे निदर्शने. आणि मान्यताप्राप्त संघाने मालकाशी सद्भावनेने वाटाघाटी करण्यास नकार देणे. सद्भावना आहे, पण ती मालकाप्रति. सभासदाप्रति सद्भावनेने वागावे, असे कलम त्या यादीत नाही. कामगाराशी संघाचा जो एकमेव संबंध तेथे येतो तो संघात येण्या-न येण्याच्या बाबतीतल्या जुलमाचा.

'बामर लॉरी' प्रकरणात, १९८४ साली, याची परीक्षा झाली. मान्यताप्राप्त संघाने केलेल्या करारात थकबाकीच्या रकमेतून पंधरा टक्के संघनिधीसाठी कापून घेण्याचे कलम होते. दुसऱ्या संघाने त्यास आणि मान्यताप्राप्त संघाच्या अनन्य अधिकारास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही वैध ठरविले. करार ज्याने मिळवून दिला त्याच्या खर्चात लाभ घेणाऱ्याने वाटा उचलावा, हा युक्तिवाद लंगडा नाही. परंतु आपण ज्या संघाचे सभासद नाही त्याला आपल्या पगारातून पैसे जाणार, आणि त्या संघाने आपल्याशी कसे वागावे यावर आपला शब्द नाही, ही स्थिती लोकशाहीच्या प्राथमिक हिशेबात बसत नाही. पुढे १९९५ मध्ये ठाण्याच्या रेमंड गिरणीच्या प्रकरणात, १९७१ च्या कायद्याखालील तक्रारींतही जेथे १९४६ चा कायदा लागू आहे तेथे प्रातिनिधिक संघाखेरीज इतर संघास उभे राहता येणार नाही, असे ठरले. वर्तुळ आणखी आवळले.

आगारातील प्रतिध्वनी

गिरण्या गेल्या, म्हणून प्रश्न गेला असे नाही. २०२१-२२ चा एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सिंधुदुर्गाने घराच्या उंबऱ्यावरून पाहिला. संघटनांच्या संयुक्त कृती समितीने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी आंदोलन सुरू केले आणि महागाई भत्ता व घरभाड्याच्या मुद्द्यांवर तडजोड होताच दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. आगारांतील कर्मचाऱ्यांनी मात्र ते मानले नाही. शासनात विलीनीकरण ही त्यांची मागणी होती. नोव्हेंबरात राज्यभरातील आगारे ओस पडली; आपल्या जिल्ह्यात ऐन पर्यटनाच्या हंगामात गाड्या उभ्या राहिल्या. २० डिसेंबर रोजी संपाची नोटीस देणाऱ्या संघटनेने मंत्र्यांशी चर्चेनंतर संप मागे घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हाही बहुसंख्य कर्मचारी बाहेरच राहिले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने ७ एप्रिल २०२२ च्या आदेशाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली.

विलीनीकरणाची मागणी व्यवहार्य होती काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि माझे मत विचाराल तर ती तशी नव्हती. पण कायद्याच्या अभ्यासकासाठी त्या संपात एक विलक्षण दृश्य होते. न्यायालयापुढे संघटना उत्तरदायी होती आणि संघटनेचे कोणी ऐकत नव्हते. जी अनुयायांवर हुकमत चालवीत नाही तिच्यावर अवमानाची कारवाई कशी करावी? जे कर्मचारी संघटनेला मानीत नाहीत त्यांच्या वतीने कोण बोलणार? १९८२ मध्ये कायद्याने कामगाराला दालनाबाहेर ठेवले. २०२१ मध्ये कामगार आपण होऊन संघटनांच्या दालनातून उठून गेला. पहिल्या घटनेचा दुसरीशी संबंध आहे. ज्या व्यवस्थेत सभासदाची तक्रार ऐकण्याची जागा नसते तेथे तक्रार करण्याची सवय मोडते, आणि सवय मोडलेला माणूस एकदम पाठ फिरवितो. सभासद आपल्या संघटनेवर दावा लावतो तेव्हा तो तिला अजून आपली मानत असतो, हे विसरून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर मराठी साहित्य काय सांगते? जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने संपानंतर गिरणगावातील एका कुटुंबाची वाताहत उभी केली. तिची धग आजही कमी झालेली नाही. नारायण सुर्वे यांच्या कवितेतला कामगार संघटनेकडे आपल्या घराकडे पाहावे तसा पाहतो. भाऊ पाध्ये यांनी प्रत्यक्ष कामगार संघटनेत काम केले होते आणि 'डोंबाऱ्याचा खेळ' ही त्यांची कादंबरी त्या अनुभवाच्या जवळ जाते. तिची चर्चा आपल्याकडे 'वासूनाका'च्या वादाखाली गाडली गेली, हे आपल्या समीक्षेचे दुर्दैव. या सर्वांत पुढाऱ्याचा विश्वासघात येतो, निष्ठा येते, उपासमार येते. निबंधकाच्या कचेरीच्या बाकावर बसलेला, हातात पावत्यांची चळत घेतलेला सभासद मात्र क्वचित येतो. कचेरीतला माणूस नाट्यपूर्ण नसतो हे खरे. पण जमिनीच्या खटल्याने मराठी कथेला किती दिले आहे! सातबारा, वाटप, कूळकायदा यांनी आपल्या ग्रामीण कथेचा अर्धा कणा बनविला. युनियनच्या पावतीला ते भाग्य लाभले नाही, कारण संघटनेविरुद्ध लिहिणे म्हणजे मालकाच्या बाजूने लिहिणे, अशी एक अलिखित शिस्त लेखकांनी पाळली असावी. ही शिस्त सद्हेतूचीच होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आहे. तिने १९२६ चा कामगार संघटना कायदा आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मागे टाकला. एकावन्न टक्के कामगार ज्या संघाच्या यादीवर असतील तो एकमेव वाटाघाटी संघ, ही तिची मांडणी. पंचवीस किंवा तीस टक्क्यांपेक्षा ती निःसंशय न्याय्य आहे. संहितेच्या कलम २२ ने सभासद आणि त्याचा संघ यांच्यातील नोंदणी, कारभार, व्यवस्थापन आणि पदाधिकाऱ्यांची निवडणूक यांविषयीचे वाद, तसेच ज्यांना सभासदत्व नाकारले त्यांचे वाद, न्यायाधिकरणाकडे सोपविले आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद केला. १९६८ च्या महाराष्ट्राच्या तरतुदीचे हे देशव्यापी रूप म्हणता येईल. आणि तिची मर्यादाही यात जशीच्या तशी उतरली आहे. निवडणुकीचा वाद येतो, करारातील दुर्लक्षाचा येत नाही. 'कारभार' या शब्दाचा अर्थ न्यायाधिकरणे किती रुंद लावतात, यावर बरेच अवलंबून राहील. एकावन्न टक्क्यांच्या संघाने एकोणपन्नास टक्क्यांना डावलून केलेला करार हा 'कारभारा'चा प्रश्न आहे काय? पहिला असा अर्ज कोठून तरी येईलच. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर खंडपीठ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले असल्याने मालवण आगारातील चालकाला वा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला वरची दाद मागण्यासाठी मुंबईची रात्रगाडी पकडावी लागणार नाही, एवढी सोय झाली आहे.

तोवर आपल्या परिसरात करण्याजोगे एक काम शिल्लक आहे. मालवण, देवगड, कणकवली तालुक्यांतील जुन्या घरांच्या ट्रंकांत गिरणीची हजेरीपत्रे, भविष्यनिर्वाह निधीच्या चिठ्ठ्या आणि दोन-दोन संघटनांच्या वर्गणी-पावत्या अजून सापडू शकतात. एकाच माणसाने एकाच महिन्यात मान्यताप्राप्त संघाची आणि लढणाऱ्या संघाची, अशा दोन्ही पावत्या घेतल्याचे आढळले तर ती विसंगती समजून टाकून देऊ नये. इतिहास आणि मराठी या दोन्ही विभागांनी मिळून त्या गोळा कराव्यात, आणि ज्यांच्या नावे त्या आहेत त्यांपैकी जे हयात आहेत त्यांना दोन पावत्या का घेतल्या, एवढेच विचारावे.